पिकअपचं ॲव्हरेज वाढवून देतो म्हणणाऱ्यांनी माझे २१,५४९ रुपये खाल्ले

भावांनो, डिझेल वाचवणारं मॅग्नेट, चिप, बाटलीतलं औषध, यातलं काहीही लावायला कोणी तुमच्या गाडीजवळ आला तर त्याला बॉनेटला हात लावू देऊ नका. माझे पैसे गेलेत, पूर्ण हिशोब देतो. मॅग्नेट ६,८०० रुपये, ओबीडीला (गाडीचा बिघाड तपासायच्या सॉकेटला) लावायची चिप ७,४९९, डिझेलमध्ये टाकायच्या बाटल्या २,४००, फिटिंग १,२००. झाले १७,८९९. त्यातले १०,००० स्कॅन करून दिले आणि ७,८९९ रोख, कारण पक्कं बिल पाहिजे तर १८ टक्के जीएसटी वर पडेल म्हणाले. मग त्यांनी डिझेलचा पाइप जिथं कापून क्लिप मारली होती तिथून गाडी हवा धरायला लागली, भरलेल्या मालासकट रस्त्यात बंद पडली, त्याचे मेकॅनिकनं ३,६५० घेतले. एकूण २१,५४९.

माझी बोलेरो पिकअप आहे, बीएस६ मधली (धुराच्या कडक नियमांची), नाशिकहून वाशी मार्केटला भाजीपाला नेतो, मीच चालवतो, ड्रायव्हर ठेवलेला नाही. त्यांचा स्टॉल मार्केट यार्डाच्या बाहेरच होता, बॅनर, टी-शर्ट घातलेली पोरं, टेबलावर लॅपटॉप. त्यांनी माझाच हिशोब माझ्यापुढं मांडला. महिन्याला ५,००० किलोमीटर, साडेबाराचं ॲव्हरेज, म्हणजे ४०० लिटर. तीस टक्के वाढलं तर ३०८ लिटरमध्ये काम होतं, डिझेल नव्वदीच्या आसपास, म्हणजे महिन्याला आठ हजाराच्या वर वाचतात, अडीच महिन्यात पैसे वसूल. ज्याच्या डोक्यावर गाडीचा हप्ता आहे आणि भाडं तीन वर्षांपूर्वीचंच मिळतंय त्यानं हे ऐकून काय करायचं? मला कोणी हावरट म्हणू नये. लॉटरी लागेल म्हणून पैसे टाकले नव्हते, खर्च कमी होईल म्हणून टाकले होते.

आणि मी डोळे झाकून दिलेले नाहीत, डेमो मागितला. आता हा डेमो नीट वाचा, सगळी चलाखी याच्यातच आहे.

त्यांच्या पोरानं टाकीकडून येणारा डिझेलचा पाइप काढला आणि मापाच्या पारदर्शक जारमध्ये घातला. एक लिटर डिझेल, रिकामी गाडी, बायपासवर चक्कर. पहिली चक्कर काही न लावता, आकडा आला ९.२. मग मॅग्नेट आणि चिप लावून त्याच रस्त्यानं दुसरी चक्कर, आकडा १३.४. माझ्या समोर, माझ्या गाडीत, मी स्वतः स्टेअरिंगवर. शेजारी उभे असलेले दोघं-तिघं गाडीवालेही हो म्हणाले (ते कोणाचे होते ते आता कळतंय).

इथंच ते धरले जायला पाहिजे होते. रिकामी गाडी ९.२ देऊच शकत नाही, माझी गाडी माल भरून जाऊन रिकामी येताना मिळून साडेबारा देते. मी तसं बोललो पण. तर तो मालक म्हणाला, भाऊ, पंपवाले माप मारतात, तुम्हाला खरं ॲव्हरेज आजपर्यंत माहीतच नव्हतं. पंपावर माप मारल्याचा अनुभव कोणाला नाही? त्यामुळं ते पटलं. आणि वर म्हणाला की मी पंचेचाळीस टक्के वाढलं असं सांगणार नाही, तुम्ही तीसच धरून चाला. स्वतःचाच आकडा कमी करून सांगणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल?

खरी गोष्ट माझ्या मेकॅनिकनं सांगितली. कॉमन रेल इंजिनला (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून दाबानं डिझेल मिळतं ते) जेवढं लागतं त्यापेक्षा पंप जास्त डिझेल ओढतो, उरलेलं रिटर्न पाइपनं परत टाकीत जातं. पहिल्या चकरीला त्यांनी ओढणारा पाइप जारमध्ये घातला आणि रिटर्न टाकीतच ठेवला, म्हणजे जारमधलं डिझेल इंजिननं जाळलं तेवढंच नाही तर टाकीत परत गेलं तेही. जार लवकर संपणारच. दुसऱ्या चकरीला रिटर्नचा पाइपही जारमध्ये घातला. त्या पोराला दुसरा पाइप जारला लावताना मी बघितलं होतं, मी विचारलं पण की हा कशाला, तर म्हणे सिस्टिम क्लोज करावी लागते. १३.४ हे माझ्या रिकाम्या गाडीचं पहिल्यापासूनचं ॲव्हरेज आहे, त्यात त्यांनी काही वाढवलंच नव्हतं, फक्त पहिला आकडा पाडून दाखवला. हा पाइप आठवला की आजही रात्री झोप लागत नाही. जारवर कोणी टेस्ट दाखवली तर आधी रिटर्न कुठं जातोय ते बघा.

बरं, पैसे परतीची गॅरंटी होती, सात दिवसांची. आणि सोबतच्या कागदावर लिहिलेलं की चिपला तुमचं ड्रायव्हिंग शिकायला १,५०० किलोमीटर लागतात, तोपर्यंत ॲव्हरेज बघू नका. म्हणजे तुम्हाला कळायच्या आत मुदत संपते. त्याच कागदावर पुढं, साठच्या वर पळवू नका, टायरची हवा दर आठवड्याला बघा, एअर फिल्टर साफ ठेवा, गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवू नका. अरे हे सगळं केलं तर काही न लावताच डिझेल वाचतं! ज्यांना खरंच एखादा किलोमीटर वाढल्यासारखा वाटतो ना, तो या सूचनांचा असतो, मॅग्नेटचा नाही.

मी नंतर नीट मोजलं. एकाच पंपावर, एकाच नोझलला, ऑटो कट होईपर्यंत टाकी फुल, जाऊन-येऊन, मग परत तिथंच फुल. जाताना भरलेली गाडी कसारा घाट उतरते, येताना रिकामी चढते, त्यामुळं एका बाजूचं ॲव्हरेज काढून उपयोग नाही. किट लावून १२.६ आलं, काढून १२.५, परत लावून १२.४. टाकी भरताना थोडं वर-खाली होतंच, तेवढाच हा फरक. लावून बघितलं की काढूनही बघायचं, नुसतं आधी आणि नंतर बघितलं तर हंगाम, माल, ट्रॅफिक सगळं त्यात मिसळतं.

चिप फोडली. आत एक छोटा सर्किट बोर्ड, तीन एलईडी आणि एक बटण. ओबीडीच्या सॉकेटमध्ये १६ पिना असतात, ईसीयूशी, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरशी, बोलायचं तर कॅनच्या (त्याच्या डेटा वायरच्या) सहा आणि चौदा नंबरच्या पिना लागतात. यात त्या दोन्ही कशालाच जोडलेल्या नव्हत्या, फक्त करंट आणि अर्थ. ७,४९९ रुपयांत तीन लाइट. मॅग्नेटचं म्हणाल तर डिझेल चुंबकाला ओढलं जात नाही, आणि आजचं डिझेल इंजिन ९८ टक्क्यांच्या वर इंधन जाळतंच, मग 'न जळलेलं डिझेल जाळून' तीस टक्के कुठून आणणार? बीएस६ साठी गाडी कंपन्यांनी एवढा पैसा ओतला, सात हजाराच्या लोखंडानं काम झालं असतं तर त्यांनी कारखान्यातच लावलं नसतं का? एसटीनं हजारो गाड्यांना लावलं नसतं का? अमेरिकेच्या ईपीएनं (तिथलं सरकारी पर्यावरण खातं) असली शंभराच्या वर यंत्रं तपासलीत, फरक पडला तो मोजक्यात, तोही थोडासाच, आणि काहींनी उलट इंजिन बिघडू शकतं. हे आधी कोणी आपल्या भाषेत सांगितलं असतं तर!

ट्यूनिंग बॉक्स (इंजिनची ताकद वाढवायला वायरिंगमध्ये लावतात तो डबा) विकणाऱ्यांपासून पण सावध. तो रेल प्रेशरच्या (इंजेक्टरकडं जाणाऱ्या डिझेलच्या दाबाच्या) सेन्सरचं रीडिंग खोटं दाखवतो, ईसीयूला वाटतं कमी डिझेल सोडलंय, जातं जास्त. ज्या गाडीच्या मीटरवर ॲव्हरेज दिसतं तिथं आकडा छान दिसेल आणि टाकी रिकामी होईल. मीटर बघू नका, पंपाची पावती बघा.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस स्टेशनला गेलो, म्हणे हे दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा. ऑनलाइन पैसे दिलेत तर सायबरला जा. सायबरवाले म्हणे तुम्ही समोर उभं राहून स्वतः स्कॅन केलंय, यात सायबर काय. आरटीओत गेलो तर टेबलावरचे साहेब म्हणाले गाडीत विनापरवानगी बदल केला तर मालकालाच एका बदलाला ५,००० दंड आहे, तुमच्यावर करू का केस? म्हणजे लुटला गेलो मी आणि धमकी पण मलाच. एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तर 'कंपनीकडून प्रतिसाद नाही' म्हणून त्यांनीच बंद करून टाकली, मेसेज आला, समाधान झालं का, एक दाबा. ग्राहक आयोगाच्या ऑफिसात क्लार्क म्हणाला गाडी पिवळ्या पाटीची, धंद्याची, तुम्ही ग्राहकच नाही. प्रत्येक खेपेला एक भाडं बुडतं हो! यांच्या खुर्चीचा पगार चालू, आमचं चाक थांबलं की चूल थांबते. आणि हेच फसवणाऱ्याला पक्कं माहीत असतं, की सतरा-अठरा हजारांसाठी गाडीवाला कितीदा खेटे घालणार.

त्या क्लार्कचं ऐकून मी परत फिरलो होतो, वकिलानं थांबवलं. २०१९ च्या ग्राहक कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू धंद्याची धरत नाहीत. स्वतः गाडी चालवणारा माणूस ग्राहक आहे, हे ठणकावून सांगा. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, आणि विकणारा कुठलाही असो, केस आपल्या राहत्या जिल्ह्यात टाकता येते. पोलिसांनी घेतलं नाही तर अर्ज एसपींना रजिस्टर पोस्टानं पाठवा, नवीन कायद्यात फसवणुकीचं कलम ३१८ आहे, चारशेवीस शोधत बसू नका. पोच घेतल्याशिवाय कुठलाही अर्ज देऊ नका. पैसे रोख देऊ नका, माझे ७,८९९ कुठंच दिसत नाहीत, वकील म्हणतो १०,००० चंच पक्कं धरा. लॅबचं सर्टिफिकेट दाखवलं तर शेवटपर्यंत वाचा, मला दाखवलेल्यात ॲव्हरेजचा शब्दच नव्हता, फक्त वस्तू तापून पेटत नाही एवढं लिहिलेलं.

माझी केस दाखल झाली आहे, पुढची तारीख मिळाली आहे. परवा एका गाडीवाल्या मित्रानं सांगितलं की तीच मंडळी शेजारच्या तालुक्यात मार्केट यार्डाबाहेर बसलीत, बॅनर नवीन, नाव नवीन, जार तोच. तिकडं कोणी माल उतरवायला जात असाल तर रिटर्न पाइपचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, दोन्ही चकरीचा, आणि ज्यांच्याकडं अशी कच्ची पावती पडलेली असेल त्यांनी ती फेकू नका, मला साक्षीला माणसं पाहिजेत.