लाडवाच्या लेबलापायी घेतलेलं न्यूट्रिशन सॉफ्टवेअर, दोन महिने वापरून

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण यातले अर्धे घोळ माझेच होते आणि बाकीचे अशा बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतीलच असं मला वाटतं. मी नागपूरला घरूनच जवसाचे लाडू, चटण्या, थंडीत पुडाची वडी (कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली) असं करून देते, चार-पाच वर्षं झाली. गोकुळपेठेतला एक दुकानदार म्हणाला ताई माल ठेवतो पण पाकिटावर ते कॅलरी-बिलरीचं टेबल पाहिजे, आजकाल लोक पाकीट उलटं करून वाचतात. म्हटलं बाप्पा, आता हे कोण करून देणार? होमसायन्स शिकलेली भाची म्हणाली मावशी सॉफ्टवेअर आहे, तूच कर. चौदा दिवस फुकट होतं, घेतलं.

पहिला दिवस नुसता शोधण्यात गेला. सगळं इंग्रजीत, आणि शोधायला नावं पण इंग्रजीतच टाकायची. जवस टाकलं तर काही नाही. फ्लॅक्ससीड टाकलं तर आलं, 100 ग्रॅमला 534 कॅलरी. मग भाचीने लिनसीड टाकलं तर दुसरंच काही आलं, साडेचारशेच्या आत. एकच जवस आणि दोन आकडे! तेव्हा कळलं की आत कुठल्या पदार्थात किती कॅलरी याची दोन वेगवेगळी टेबलं बसवलेली आहेत, एक अमेरिकेच्या शेती खात्याचं आणि एक आपल्या हैदराबादच्या एनआयएनचं, म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेचं, 2017 सालचं, त्यात 528 पदार्थ आहेत आणि ते आपल्याच देशातल्या वेगवेगळ्या भागांतून नमुने गोळा करून तपासलेले आहेत. आपला माल इतवारीच्या किराणा ओळीतून येतो तर टेबलही आपलंच धरायचं ना. लाडवात फरक किती पडतो म्हणाल तर एका लाडवामागे तीन-साडेतीन कॅलरी, म्हणजे काहीच नाही, पण जवसाच्या चटणीत जवसच मुख्य असतो, तिथे चांगलाच पडतो. सॉफ्टवेअर हे स्वतःहून सांगत नाही, शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचावं लागतं.

सगळ्यात मोठी फजिती गुळाची. सॉफ्टवेअरमधला गूळ मला पटला नाही म्हणून स्वतःचा पदार्थ बनवायची सोय वापरली आणि एनआयएनच्या टेबलात पाहून आकडा टाकला, चौदाशेच्या वर होता. माझं प्रमाण असं, कणीक अर्धा किलो, तूप 400, गूळ 400, जवस 200, सुकं खोबरं 150. बटण दाबलं तर 100 ग्रॅम लाडवाला 784 कॅलरी. आता नुसत्या तुपाच्या 100 ग्रॅमला 900 कॅलरी असतात, मग माझा लाडू आहे की सिलिंडर? मी दोन दिवस तुपाला बोल लावून राहिले होते. भाची आली, तिने पाहिलं आणि हसायलाच लागली, "मावशी, हे किलोज्यूल आहे गं, याला 4.184 ने भागायचं असतं." एनआयएनच्या टेबलात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली आहे आणि मी ती कॅलरीच्या चौकटीत टाकलेली. भागल्यावर गूळ साडेतीनशेच्या जरा वर आला आणि लाडू 511 वर. एवढा मोठा आकडा टाकला तेव्हा सॉफ्टवेअरने एकदा विचारायला तरी पाहिजे होतं नं, की बाई तुझा गूळ तुपापेक्षा भारी कसा? ही खरी तक्रार आहे माझी.

पण 511 पण बरोबर नव्हतंच. कारण ते कच्च्या मालाचं वजन धरतं, 1650 ग्रॅम. कणीक भाजली की पाणी उडतं, लाडू वळून झाल्यावर सगळे एकत्र मोजले तर 1600 भरले. कॅलरी तेवढ्याच, वजन कमी, म्हणून 100 ग्रॅममागे 527 झाल्या. तयार मालाचं वजन टाकायची एक चौकट आहे पण ती दुसऱ्या पानावर, तीन क्लिक आत, मला ती आठव्या दिवशी सापडली. आणि त्यातही गंमत आहे, कढईला जे चिकटून राहतं ते उडालेलं पाणी नाही, त्यात तूप-गूळ सगळं असतं, म्हणून आधी कढई नीट खरवडून ते पण लाडवात घ्यायचं आणि मग मोजायचं. हे काही मदतीच्या पानात नाही, दोनदा आकडे जुळले नाहीत तेव्हा माझं मीच काढलं.

भाताचंही तसंच. टिफिनवाल्या एका ताईंसाठी गोळाभात (बेसनाच्या गोळ्यांचा भात) टाकून पाहिला, कच्च्या तांदळाला 100 ग्रॅममागे साडेतीनशेच्या आसपास आणि शिजलेल्या भाताला 130. मी शिजलेल्या भाताचं वजन टाकून वर कच्चा तांदूळ निवडला होता, एका डब्यात तीन माणसांचं जेवण झालं.

आणि सांबार! आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे नागपूरबाहेर कोणाला सांगून पटत नाही. पुडाच्या वडीत सांबार टाकला सवयीने, इंग्रजी अक्षरात, तर सॉफ्टवेअरने अर्धा किलो इडलीबरोबरचं सांबार घालून ठेवलं, आत डाळ काय, चिंच काय. नशीब तो स्क्रीनवरच होता.

कप-चमच्याच्या भानगडीत पडू नका. तिथला कप 240 मिली आणि आपल्या घरात तीन वाट्या तीन मापाच्या. सीताबर्डीवरून ग्रॅमचा इलेक्ट्रिक काटा आणला तो या सगळ्यातला सगळ्यात कामाचा खर्च. तेलसुद्धा मिलीत नाही, ग्रॅममध्ये मोजा, 100 मिली तेल साधारण 92 ग्रॅमच भरतं.

लेबलचा भाग मात्र चांगला आहे, मानलं. एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा संस्थेच्या, नमुन्यात टेबल तयार करून देतं, 100 ग्रॅमला किती आणि एका सर्व्हिंगमध्ये (एका वेळेला खायच्या भागात) दिवसाच्या गरजेचे किती टक्के. दिवसाचा हिशोब 2000 कॅलरी, 67 ग्रॅम फॅट, त्यातलं सॅच्युरेटेड 22, वरून घातलेली साखर 50 ग्रॅम, सोडियम 2000 मिलीग्रॅम, असा धरतात. इथे माझा चेहरा उतरला. पाकिटावर मी मोठ्या अक्षरात हेल्दी लिहिणार होते. 30 ग्रॅमच्या एका लाडवात सॅच्युरेटेड फॅट सहा ग्रॅमच्या वर, म्हणजे दोन लाडवांत दिवसाचं अर्ध्याहून जास्त संपलं. आणि गूळ साखरेतच मोजतात, एका लाडवात साडेसात ग्रॅम गूळ आहे. एक काकू मला म्हणाल्याच, "गूळ आहे नं, मग साखर कशी लिहिली तुम्ही?" काय सांगणार, त्या टेबलाला गुळाचं कौतुक नाही. हेल्दी काढून टाकलं, 'जवसाचे लाडू' एवढंच ठेवलं.

छापताना आणखी एक डोकेदुखी, मराठी जोडाक्षरं तुटतात, 'ग्रॅम'चा 'ग' एकीकडे आणि 'र' दुसरीकडे. शेवटी लेबल इंग्रजीतच छापलं आणि मराठी नाव वेगळ्या स्टिकरवर. कस्टमर केअरला मेल केला, दोन दिवसांनी उत्तर आलं की आम्ही पाहतो, अजून पाहूनच राहिलेत.

महिन्याला हजाराच्या आत पडतं. माझ्यासारखीला सहा पदार्थांसाठी वर्षाचं पॅकेज घ्यायची गरज नाही, एक-दोन महिन्यांचं घ्या, सगळे पदार्थ करून टाका, फाइली उतरवून ठेवा आणि बंद करा. डाएटिशियन असाल, रोज पाच जणांचे चार्ट करायचे असतील तर गोष्ट वेगळी. माझ्याकडून 5 पैकी 3, त्यातला एक स्टार भाचीचा.

माझं फक्त पुडाची वडी राहिली आहे. त्यात तेल किती मुरलं ते सॉफ्टवेअरला कळत नाही, कढईत ओतलेलं सगळं तेल ते वडीत धरतं. म्हणून आज तळायच्या आधी कढईसकट तेल मोजून ठेवलंय, 2340 ग्रॅम. आता गार झालं की परत काट्यावर ठेवते.