कॅनडातली मोफत सेटलमेंट सेवा : कुठे भरवशाची, कुठे नुसती पत्रकं

टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन या पट्ट्यात पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, घेऊन नव्याने उतरलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या आठवड्यातच कुणीतरी सांगतं, ‘सेटलमेंट एजन्सीत, म्हणजे नव्याने आलेल्यांना बस्तान बसवायला मदत करणाऱ्या संस्थेत, जाऊन या, सगळं फुकटात करून देतात.’ फुकट हे खरं. सगळं हे खोटं. काही कामांत ही सेवा पैसे मोजूनही मिळणार नाही इतकी चांगली आहे. काही कामांत हातात चार रंगीत पत्रकं घेऊन घरी यायचं एवढंच. कुठल्या कामाला जायचं हे आधी ठरवून गेलं, तर एक अख्खा दिवस आणि बसचं भाडं वाचतं. इथलं सगळं ऑंटॅरिओपुरतं आहे. दुसऱ्या प्रांतात नियम बदलतात.

आधी पात्रता. बहुतेक एजन्स्या केंद्र सरकारच्या इमिग्रेशन खात्याच्या पैशावर चालतात. तिथे पीआरधारक आणि निर्वासित म्हणून संरक्षण मिळालेले लोक यांना प्रवेश असतो. स्टडी परमिटवरचा विद्यार्थी, सुपर व्हिसावर (आईवडील, आजी-आजोबांसाठीचा लांब मुदतीचा व्हिसा) आलेले आईवडील आणि नागरिकत्व घेतलेला माणूस यांना सहसा दारातूनच परत पाठवतात. प्रांताच्या पैशावरचे कार्यक्रम वेगळे असतात आणि त्यातले काही वर्क परमिटवाल्यांनाही घेतात. म्हणून फोनवर ‘तुमच्याकडे सेवा मिळेल का’ एवढंच विचारू नका. ‘तुमचा कुठला कार्यक्रम माझ्या स्टेटसला चालतो’ असं विचारा. एकाच इमारतीत दोन टेबलांवर दोन वेगळी उत्तरं मिळतात आणि दोन्ही बरोबर असतात.

पीआर मंजूर झाल्यावर, भारतातून निघायच्या आधी मिळणारी प्री-अरायव्हल सेवाही मोफत आहे. ती ऑनलाइन असते आणि कॅनडात उतरल्यावर बंद होते. पुण्यात सामान बांधत असताना तिच्याकडे कुणी बघत नाही. वास्तविक डिग्रीचं मूल्यांकन, परवाना लागणारा व्यवसाय, रिझ्युमे या गोष्टी तिथूनच सुरू करायच्या असतात, कारण विद्यापीठात जाऊन ट्रान्सक्रिप्ट काढणं टोरांटोत बसून जमत नाही.

आता एकेका कामाला गुण. कागदपत्रांच्या कामाला पाचपैकी साडेचार. पहिल्या भेटीत तासभर प्रश्न विचारून तुमच्या गरजांची यादी करतात. पासपोर्ट, पीआरचं कन्फर्मेशन पत्र, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि मुलं असतील तर त्यांचे जन्मदाखले, सगळं मूळ प्रतीत न्या. नोकरी आणि करासाठी लागणारा सिन क्रमांक ९ आकडी असतो. तो सर्व्हिस कॅनडा या सरकारी कार्यालयात फुकट आणि प्रत्यक्ष गेल्यास बहुधा त्याच दिवशी मिळतो; त्यासाठी एजन्सीची गरज नाही. ओहिप या सरकारी आरोग्य विम्याची तीन महिन्यांची प्रतीक्षा मार्च २०२० मध्ये रद्द झाली. जुन्या ओळखीचे लोक अजूनही ‘तीन महिन्यांचा खासगी विमा घ्या’ म्हणतात, त्यांचं ऐकू नका. दात, चष्मा आणि मोठ्यांची औषधं मात्र ओहिपमध्ये जवळजवळ येत नाहीत. दातांची कामं निघण्याआधी उरकून या. पीआर कार्डासाठी कॅनडातला पत्ता १८० दिवसांच्या आत कळवायचा असतो. तो चुकला की नवा अर्ज आणि फी.

मराठी नावाचा घोळ समजून घेणारा वर्कर, म्हणजे एजन्सीतला कर्मचारी, क्वचितच भेटतो, त्यामुळे इथे डोळे उघडे ठेवा. आपल्याकडे स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव अशी तीन नावं असतात. पासपोर्टवर पहिली दोन एकत्र ‘गिव्हन नेम’ म्हणून येतात. बँक दोन्ही लिहिते, फोन कंपनी मधलं नाव गाळते, घरमालक नुसतं आद्याक्षर लिहितो. मग कर्ज-बिलं फेडल्याच्या नोंदी ठेवणाऱ्या क्रेडिट ब्यूरोकडे एकाच माणसाच्या दोन अर्धवट फायली तयार होतात. उपाय साधा आहे. पीआरच्या कागदावर जसं छापलंय तसंच, अक्षरन् अक्षर, सगळीकडे लिहायचं. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंनी डिग्री माहेरच्या नावाची असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र सोबत ठेवावं.

सेवेचा खरा उपयोग होतो तो मुलांच्या भत्त्याच्या अर्जात. चाइल्ड बेनिफिटसाठी आरसी ६६ हा अर्ज आणि नव्याने आलेल्यांसाठी त्याची वेगळी पुरवणी भरावी लागते. पुरवणीत कॅनडात येण्याआधीचं उत्पन्नही कॅनडियन डॉलरमध्ये मागतात. ‘तेव्हा आम्ही भारतात होतो’ म्हणून लोक तो रकाना कोरा सोडतात आणि फाइल तिथेच अडकते. पुढे भत्ता चालू राहायला नवरा-बायको दोघांनी दरवर्षी टॅक्स रिटर्न भरायला हवं, कमाई शून्य असली तरी. मुदत ३० एप्रिल. कमी उत्पन्नवाल्यांची रिटर्न्स भरून देणारी मोफत शिबिरं अनेक एजन्स्यांत भरतात. जानेवारीतच नाव नोंदवा, मार्चमध्ये जागा नसते.

शाळेसाठी काही शाळांत सेटलमेंट वर्कर बसतो. तो पालकांना लसीकरणाच्या नोंदींबद्दल सांगतो, पण भारतातल्या लसींचा तपशील त्याला माहीत असेलच असं नाही. इथल्या शाळेला गालगुंडाची लस लागते आणि २०१० मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कांजिण्यांचीही. आपल्या सरकारी दवाखान्यात एमआर देतात, म्हणजे गोवर आणि रुबेला. त्यात गालगुंड नाही. कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकातच नाही. खासगी डॉक्टरकडे एमएमआर आणि कांजिण्यांची लस घेतली असेल तर तारखांसह इंग्रजीत लिहून घ्या. नसेल तर इथे पुन्हा टोचून घेण्याची तयारी ठेवा. नोंदी अपुऱ्या राहिल्या तर नोटिसा येतात आणि शेवटी मुलाला काही दिवस शाळेतून बाहेर ठेवतात.

आता घर. या कामाला पाचपैकी दीड, आणि तो दीडही लीज वाचून दाखवण्याबद्दल. एजन्सी घर शोधून देत नाही. संकेतस्थळांची यादी देते, बस्स. अडचण अशी की घरमालक मागतो क्रेडिट रिपोर्ट आणि इथल्या नोकरीचं पत्र, आणि नव्या माणसाकडे दोन्ही नसतं. मग मालक सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागतो. ऑंटॅरिओत अशी अट घालता येत नाही. पहिल्या महिन्याचं भाडं आणि शेवटच्या महिन्याचं डिपॉझिट एवढंच मागता येतं. मोडतोडीचं डिपॉझिट बेकायदा. पोस्ट-डेटेड चेकची सक्ती करता येत नाही. ही वाक्यं वर्कर बरोबर सांगतो. पण तो सांगत नाही की नियम दाखवला की मालक वाद घालत नाही, पुढच्या अर्जदाराला घर देतो. त्यामुळे कागदांचा गठ्ठा जाड ठेवणं हाच उपाय: कॅनडियन बँकेचं शिल्लक रकमेचं पत्र, भारतातल्या नोकरीचं अनुभवपत्र, आधीच्या घरमालकाचं इंग्रजी पत्र, असेल तर ऑफर लेटर. एजंट घेतलात तर त्याचं कमिशन सहसा मालकाच्या बाजूने निघतं. भाडेकरूकडून वेगळी फी मागणाऱ्याला दोनदा विचारा. घर न बघता ई-ट्रान्सफरने डिपॉझिट पाठवणं म्हणजे पैसे पाण्यात.

बहुतेकांची सुरुवात बेसमेंटमध्ये होते. बघायला जाल तेव्हा भाड्याआधी खिडकी बघा. आग लागली तर त्यातून माणूस बाहेर पडू शकेल का? धूर आणि कार्बन मोनॉक्साइड, दोन्हींचे अलार्म आहेत का? थर्मोस्टॅट वरच्या मजल्यावर मालकाच्या हातात असेल तर जानेवारीत दोन स्वेटर घालून झोपावं लागेल. हायड्रो, म्हणजे इथल्या भाषेत वीज, भाड्यात आहे की वेगळी आणि वेगळी असेल तर किती टक्के, हे लेखी घ्या. बर्फ कुणी काढायचा, कपडे धुण्याचं मशीन आठवड्यातून किती दिवस, बसथांबा उणे १५ अंशात चालत जाण्याइतका जवळ आहे का, हेही. ब्रॅम्प्टनमध्ये बेसमेंटसारखं घरातलं दुसरं युनिट महापालिकेकडे नोंदवलेलं असावं लागतं, तशी नोंद आहे का ते विचारा.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि वर्करही हे अनेकदा विसरतो: स्वयंपाकघर किंवा बाथरूम मालकाबरोबर किंवा त्याच्या घरच्यांबरोबर वाटून घ्यायचं असेल, तर भाडेकरू कायदा लागूच होत नाही. अशा खोलीतून मालक कायद्याच्या लांबलचक नोटिशीशिवाय बाहेर काढू शकतो. सुरुवातीचा महिना-दोन महिने ठीक, पण वर्षभराचं आयुष्य त्यावर बेतू नका. स्वतंत्र युनिटला सरकारी ठराविक नमुन्यातलाच करार लागतो. ३० एप्रिल २०१८ पासून तो बंधनकारक आहे. १५ नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा राहायला दिलेल्या युनिटला भाडेवाढीची सरकारी मर्यादा लागू नाही. नव्याकोऱ्या कॉन्डोच्या भाड्याला भुलण्याआधी हे लक्षात ठेवा.

नोकरीच्या मदतीला पाचपैकी तीन. रिझ्युमेतून फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती काढायला लावतात, दोन पानांत बसवतात, ते चांगलं. पण १५ वर्षं अनुभव असलेल्याला आणि कालच्या पदवीधराला तीच कार्यशाळा देतात. तुमच्या क्षेत्रापुरता ब्रिजिंग कार्यक्रम (परदेशी शिक्षण-अनुभव इथल्या नोकरीला जोडून देणारा) किंवा मेंटरिंग आहे का हे पहिल्याच भेटीत विचारा, नाही म्हणाले तर दुसरी एजन्सी गाठा. अभियंत्यांनी एक ध्यानात घ्यावं: ऑंटॅरिओच्या परवाना संस्थेने मे २०२३ मध्ये ‘कॅनडियन अनुभव’ ही अट काढली, पण एकूण ४८ महिन्यांचा अनुभव दाखवावाच लागतो. १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला जाहिरातीत कॅनडियन अनुभवाची अट घालता येत नाही. मुलाखतीत ती अट मनातल्या मनात राहते, तो भाग वेगळा.

तोवर वेअरहाउसची नोकरी धरावी लागते. ऑंटॅरिओत १ ऑक्टोबर २०२५ पासून किमान वेतन ताशी १७.६० डॉलर आहे. तात्पुरती कामं लावून देणाऱ्या टेम्प एजन्सीला जुलै २०२४ पासून परवाना लागतो आणि काम लावून देण्यासाठी ती तुमच्याकडून पैसे घेऊ शकत नाही. ‘कॅश’वर काम करू नका. ते तास रोजगार विम्यात मोजले जात नाहीत आणि घरमालकाला दाखवायला पगाराची पावतीही राहत नाही.

ड्रायव्हिंग लायसन्सबाबत एजन्सीत माहितीसत्र होतं, ते सोडलं तरी चालेल. भारतीय लायसन्स नव्याने आल्यावर ६० दिवस चालतं. इथल्या लायसन्सची पहिली पायरी म्हणजे जी १; तिच्या लेखी परीक्षेत खुणांचे २० आणि नियमांचे २० प्रश्न असतात, दोन्हींत १६-१६ बरोबर हवेत. भारतातला अनुभव मोजून घ्यायचा तर आरटीओचा डीएल एक्स्ट्रॅक्ट (लायसन्सच्या नोंदीचा उतारा) किंवा भारतीय वाणिज्य दूतावासाचं पत्र लागतं. नूतनीकरणानंतरच्या कार्डावर पहिली तारीख नसेल तर २० वर्षं गाडी चालवणारा माणूस कागदावर नवशिका ठरतो, म्हणून एक्स्ट्रॅक्ट निघण्याआधीच काढा. दोन वर्षांचा अनुभव सिद्ध झाला तर थेट जी, म्हणजे पूर्ण लायसन्सची गाडी चालवून दाखवण्याची, परीक्षा देता येते. आपले लोक नापास होतात ते स्टॉप चिन्हापाशी चाकं पूर्ण न थांबवल्याने आणि लेन बदलताना मान वळवून न बघितल्याने. आरशात बघणं पुरत नाही, परीक्षकाला मान वळलेली दिसली पाहिजे.

इंग्रजीचे मोफत वर्ग उत्तम, पण आयईएलटीएस देऊन आलेल्याला त्यांचा फारसा उपयोग नाही. जोडीदाराचं इंग्रजी कच्चं असेल तर जरूर पाठवा. काही केंद्रांत वर्गाच्या वेळात लहान मुलांना सांभाळतात; त्या केंद्रांची प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून लँड झाल्याच्या आठवड्यातच नाव घाला. सुपर व्हिसावरच्या आजी-आजोबांना हे वर्ग नाहीत. त्यांच्यासाठी सार्वजनिक वाचनालयातली संभाषण मंडळं बघा, तिथे स्टेटस सहसा विचारत नाहीत.

मराठी बोलणारा वर्कर मिळणं कठीण. हिंदी, गुजराती, पंजाबी बोलणारे पुष्कळ आहेत. भेट ठरवतानाच भाषा सांगा, आणि शक्य तर मंगळवार ते गुरुवार सकाळची वेळ मागा.