सीनियर वर्षाचे (बारावीचे) शेवटचे सहा महिने आणि आमच्या हायस्कूलचं काउन्सेलिंग ऑफिस: रिव्ह्यू

मुलगा जून २०२५ मध्ये हायस्कूलमधून ग्रॅज्युएट झाला, पाहुणे परत गेले, आता घर जरा शांत झालंय म्हणून हे सविस्तर लिहायला बसले. न्यूजर्सीत मिडलसेक्स काउंटीमध्ये आमच्या टाउनशिपचं जे पब्लिक हायस्कूल आहे त्याच्या काउन्सेलिंग ऑफिसबद्दल, म्हणजे मुलांचे विषय, क्रेडिट आणि कॉलेजची तयारी बघणाऱ्या ऑफिसबद्दल हा रिव्ह्यू आहे. रेस्टॉरंटचे, प्लंबरचे रिव्ह्यू आपण आवर्जून लिहितो, पण ज्यासाठी आपण एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरतो ती सर्व्हिस कशी आहे हे कुणी लिहीत नाही, आणि मग आपली बरीच मराठी मंडळी त्या ऑफिसात पाऊलही न ठेवता प्रायव्हेट कन्सल्टंटला हजारो डॉलर देऊन मोकळी होतात. आधीच सांगते, माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आम्ही मुलगा अकरावीत असताना डॅलसहून इथे आलो. नवी शाळा, नवी मुलं, आणि आम्हा दोघांना इथल्या हायस्कूलचा काही म्हणता काही अनुभव नाही, कारण आम्ही दोघंही साताऱ्याकडचे, आमची बारावी म्हणजे बोर्डाची परीक्षा, मग निकाल, मग मार्कशीट आणि एलसी घेऊन कॉलेजच्या खिडकीसमोर रांग. इथे तसा एकच मोठा दिवस नसतो, चार वर्षं पास केलेल्या प्रत्येक विषयाचे क्रेडिट साठत जातात आणि शेवटच्या वर्षी जानेवारी ते जूनमध्ये वीस-पंचवीस बारीकसारीक गोष्टी एकदम अंगावर येतात, त्यातली एखादी जरी राहिली तरी पंचाईत.

आमची तशीच राहिली होती. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात काउन्सेलर बाईंनी स्वतःहून बोलावलं. छोटी खोली, भिंतीवर कॉलेजांचे त्रिकोणी झेंडे, टेबलावर पेन्सिलींनी भरलेला कॉफीचा डबा. त्यांनी ट्रान्स्क्रिप्टची, म्हणजे सगळ्या वर्षांच्या विषयांच्या, मार्कांच्या आणि क्रेडिटच्या यादीची, प्रिंट काढून आमच्यासमोर ठेवली आणि हिरवा हायलायटर घेऊन एकेक ओळ रंगवत गेल्या. इंग्लिश चार वर्षं, झालं. मॅथ झालं. सायन्स झालं. यूएस हिस्ट्री दोन वर्षं, झालं. जिम, झालं. आणि मग एका ठिकाणी हायलायटर थांबला. फायनान्शियल लिटरसीचे २.५ क्रेडिट नव्हते. न्यूजर्सीत ग्रॅज्युएट व्हायला किमान १२० क्रेडिट लागतात, पण नुसती बेरीज १२० होऊन चालत नाही, प्रत्येक विषयाचा आपापला वाटा पूर्ण लागतो आणि त्यात पैशापाण्याच्या या विषयाचे अडीच क्रेडिट कंपल्सरी आहेत. मुलगा म्हणाला, "पण माझे तर १२० च्या वर होतायत." त्या म्हणाल्या, होतायत, तरीही हे अडीच नसतील तर डिप्लोमा मिळणार नाही. माझ्या पोटात गोळाच आला.

त्यांनी मात्र आवाज न चढवता, कुणाची चूक ते न काढता, तिथल्या तिथे त्याचं टाइमटेबल उघडलं. दुसरं सेमिस्टर नुकतंच सुरू झालं होतं, विषय बदलायची मुदत दोन दिवसांनी संपत होती. सहाव्या पिरियडचा स्टडी हॉल (स्वतः अभ्यास करायचा मोकळा तास) काढून तिथे फायनान्शियल लिटरसी बसवलं, त्या शिक्षकांना माझ्यासमोर फोन केला, पहिल्या आठवड्याचं बुडालेलं काम कधी द्यायचं तेही ठरवून टाकलं. वीस मिनिटांत विषय संपला. हे मे महिन्यात लक्षात आलं असतं तर काय झालं असतं याचा मी अजूनही विचार करते. आता खरं बोलायचं तर ही गोष्ट आम्ही डॅलसहून आलो तेव्हा ॲडमिशनच्या वेळीच दिसायला हवी होती, दुसऱ्या राज्यातून आलेल्या मुलाचं ट्रान्स्क्रिप्ट कुणीतरी नीट जुळवून बघायला हवं होतं, आणि ते झालं नाही. अर्ध्या स्टारातला मोठा हिस्सा यासाठीच कापलाय. पण एका काउन्सेलरकडे किती मुलं असतात तेही बघा. अमेरिकेतली स्कूल काउन्सेलरांची संघटना सांगते की एका काउन्सेलरमागे २५० मुलं असावीत, आमच्या बाईंकडे त्याहून बरीच जास्त आहेत, आणि तरी त्यांनी प्रत्येक सीनियरचं पान असं हायलायटरने तपासलं.

फाफ्साबद्दल लिहायलाच पाहिजे कारण आपल्याकडे यावरून फार गैरसमज आहेत. कॉलेजसाठी सरकारी मदत, लोन वगैरे हवी असेल तर हा फॉर्म भरावा लागतो. न्यूजर्सीत २०२५ च्या बॅचपासून ग्रॅज्युएशनसाठीसुद्धा तो भरणं किंवा आम्हाला भरायचा नाही असं लिहून देणं सक्तीचं झालंय. आम्ही दोघं एच-१बी व्हिसावर, त्यामुळे आपल्याला हा लागूच नाही अशी आमची ठाम समजूत होती आणि मंडळाच्या कार्यक्रमात भेटलेल्या चार घरांनीही तेच सांगितलं. शाळेने जानेवारीत एका संध्याकाळी फाफ्सा नाइट ठेवली होती, लायब्ररीत लॅपटॉप मांडलेले, तिथे बाईंनी मला विचारलं, मुलगा कुठे जन्मला? म्हटलं इथेच, टेक्ससमध्ये. मग तो सिटिझन आहे, म्हणाल्या, आणि फाफ्सात मुलाचं स्टेटस बघतात, आईवडिलांचा व्हिसा नाही. एवढं एक वाक्य कुणी आधी सांगितलं असतं तर आम्ही नोव्हेंबरमध्येच भरला असता. लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे मुलाचं वेगळं अकाउंट आणि आईबापांपैकी ज्याची माहिती लागते त्याचं वेगळं, दोघांनी आपापल्या अकाउंटमधून संमती द्यायची, आपण मुलाच्या लॉगिनमधून सगळं भरून टाकू असं करू नका.

एप्रिलमध्ये कॉलेजांची पत्रं आली तेव्हा त्या अडीच क्रेडिटचा खरा उपयोग झाला. त्या क्लासमध्ये मुलांना ॲवॉर्ड लेटर, म्हणजे कॉलेज किती मदत देणार ते सांगणारं पत्र, कसं वाचायचं तेच शिकवत होते. एका प्रायव्हेट कॉलेजच्या पत्रात मदतीचा आकडा एवढा मोठा की आम्ही दोघं खूश झालो, पोरगा स्प्रेडशीट घेऊन बसला आणि म्हणाला, "आई, यातले ५,५०० डॉलर तर लोन आहे, ते आपल्यालाच फेडायचंय." पहिल्या वर्षाच्या मुलाला सरकारी लोन जास्तीत जास्त तेवढंच मिळतं आणि कॉलेजं ते स्कॉलरशिपच्या खालीच त्याच रकान्यात लिहितात, म्हणून बेरीज फुगते. ग्रँट आणि स्कॉलरशिप तेवढी वजा करायची, लोन आणि वर्क-स्टडी (शिकताना काम करून मिळवायचे पैसे) बाजूला ठेवायचं आणि मग उरलेला आकडा बघायचा. त्याने सगळ्या कॉलेजांचे आकडे असे मांडले, काउन्सेलर बाईंनी ती शीट अर्धा तास बसून तपासली, दोन कॉलेजांना जास्त मदत मिळेल का हे विचारणारं पत्र कसं लिहायचं ते सांगितलं. एकाने नाही म्हटलं, एकाने थोडी वाढवली. शेवटी हिशेब रटगर्सच्या, म्हणजे न्यूजर्सीच्या सरकारी विद्यापीठाच्या बाजूने लागला आणि त्यालाही मनापासून तिथेच जायचं होतं.

ॲडमिशन पक्की करायचं डिपॉझिट भरायची शेवटची तारीख बहुतेक कॉलेजांची १ मे असते. आम्ही आदल्या आठवड्यात भरणार होतो, पण साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला, "अगं, तीसला अक्षय्य तृतीया आहे, त्याच दिवशी भर की पैसे, एवढं चांगलं काम." म्हटलं, "हो आई." मग ३० एप्रिलला देवापुढे दिवा लावून, मुलाला शेजारी बसवून त्याच्या हातानेच ते बटण दाबलं, आणि व्हिडिओ कॉलवर आजी हात जोडून बसलेल्या. तो स्क्रीनशॉट मी जपून ठेवलाय.

ईमेलबद्दल माझी तक्रार आहे. ऑफिसकडून दर शुक्रवारी सीनियर स्प्रिंग अपडेट नावाचं ईमेल यायचं, दर वेळी सब्जेक्ट तोच, आत चौदा-पंधरा मुद्दे, प्रॉमची तिकिटं, लोकल स्कॉलरशिपचे फॉर्म, बेकसेल सगळं एकत्र, आणि जी तारीख चुकली तर नुकसान होईल ती मधेच कुठेतरी अकराव्या नंबरवर. टाउनमधल्या संस्थांच्या छोट्या स्कॉलरशिप असतात, पाचशे-हजार डॉलरच्या, त्यांना अर्ज करणारी मुलं फार कमी असतात, आणि त्यातल्या दोनांच्या तारखा आमच्या अशाच निघून गेल्या. त्यात फॉर्म एका पोर्टलवर, मार्क दुसऱ्या, फी तिसऱ्या. ऑफिस तीनला बंद, नोकरी करणाऱ्या आईबापांनी यायचं कधी? महिन्यातून एक संध्याकाळ जरी उघडं ठेवलं तरी किती जणांची सोय होईल.

मे म्हणजे एपीच्या, म्हणजे हायस्कूलमध्येच घेतलेल्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या परीक्षा. २०२५ पासून बऱ्याच विषयांच्या परीक्षा कागदाऐवजी ब्लूबुक ॲपवर झाल्या, शाळेने आधी सगळ्यांकडून एकदा लॉगिन करून घेतलं, त्यामुळे आमच्याकडे गोंधळ झाला नाही. २०२५ मध्ये एका परीक्षेचे ९९ डॉलर लागले, आणि स्कोअर एका कॉलेजला फुकट पाठवता येतो, फक्त ते २० जूनच्या आत निवडायला हवं, नंतर पैसे पडतात. या एका गोष्टीसाठी मात्र बाईंनी वेगळं ईमेल केलं आणि मोठ्या अक्षरात केलं, त्याबद्दल आभार.

कॅप आणि गाऊनची ऑर्डर बाहेरच्या कंपनीकडे असते, ती सर्व्हिस मला आवडली नाही. साइट उघडली की आधी मोठमोठी पॅकेज दिसतात, फ्रेम, स्वेटशर्ट, अंगठी, आणि नुसती कॅप, गाऊन आणि टॅसल (टोपीचा गोंडा), म्हणजे जेवढं खरंच लागतं तेवढंच, ते पार खाली. आम्ही उंची ५ फूट १० इंच लिहिली होती. समारंभाच्या चार दिवस आधी पाकीट आलं, निळं पॉलिस्टर घडी करून वहीएवढं केलेलं, घातलं तर गुडघ्याच्या वर. कंपनीचा फोन कुणी उचलेना. मी रडकुंडीला आले होते, मुलगा म्हणाला ऑफिसात विचारूया. तिथल्या सेक्रेटरी बाईंनी कपाटामागून एक खोकं ओढून काढलं, मागच्या बॅचच्या मुलांनी परत दिलेले गाऊन, उंचीप्रमाणे पिना लावून ठेवलेले. पाच मिनिटांत मापाचा मिळाला, पैसे घेतले नाहीत, वर सांगितलं की इस्त्री लावू नका, वितळतं, बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर सोडून तिथे टांगून ठेवा. अगदी तसंच केलं, सगळ्या घड्या गेल्या. आमचा गाऊन आता आम्हीही धुऊन त्याच खोक्यात दिलाय.

ऑब्लिगेशन लिस्ट नावाचा एक प्रकार असतो, आपल्याकडच्या नो ड्यूजसारखा. लायब्ररीचं पुस्तक, क्रोमबुकचा चार्जर, टेनिसची जर्सी, काहीही परत करायचं राहिलं असेल तर स्टेजवर हातात नुसतं कव्हर देतात, आत डिप्लोमा नसतो. आमच्या लिस्टवर चार्जर होता, तो सोफ्याखाली सापडला. समारंभाची तिकिटं घरटी सहा, पण पाऊस आला तर जिममध्ये आणि मग घरटी दोनच, हे आम्हाला आठवड्याभर आधी कळलं. आजी-आजोबा साताऱ्याहून आलेले, त्यांना घरी बसवून आम्ही जाणार होतो की काय! सुदैवाने आभाळ मोकळं राहिलं. फुटबॉल फील्डवर साडेसहाच्या उन्हात आजी नऊवारीत, डोक्यावर रुमाल धरून दोन तास बसल्या, आणि सगळ्या मुलांनी एकदम टॅसल उजवीकडून डावीकडे केलं तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला होता.

एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती, बाईंनी शेवटच्या भेटीत सांगितली. मुलगा अठराचा झाला किंवा कॉलेजला गेला की त्याचे मार्क, त्याच्या फीचं खातं, काहीही कॉलेज आपल्याला दाखवत नाही, त्याने परवानगी दिल्याशिवाय. डॉक्टरकडेही तेच. म्हणून जायच्या आधी घरी बसून नीट बोला, ते फॉर्म त्याच्याकडून भरून घ्या. आणि इथे जन्मलेल्या किंवा ग्रीनकार्ड असलेल्या मुलग्यांचं अठरा झाल्यावर तीस दिवसांत सिलेक्टिव्ह सर्व्हिसचं (गरज पडली तर सैन्यात बोलावण्यासाठीच्या सरकारी यादीचं) रजिस्ट्रेशन २०२५ मध्ये करायचं होतं, ते ऑनलाइन झालं.

फायनल ट्रान्स्क्रिप्ट हातात मिळत नाही. आपल्या डोक्यात मार्कशीट म्हणजे प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवायचा कागद, इथे मात्र हातात आलेला कागद अनऑफिशियल समजतात, खरा तो शाळेकडून थेट कॉलेजला जातो. रटगर्सला अर्ज करताना मार्क मुलांनी स्वतः भरलेले असतात, त्यामुळे हे फायनल ट्रान्स्क्रिप्ट त्यांच्याशी जुळवून बघतात. म्हणून शेवटच्या सेमिस्टरला मुलं हात आखडतात तेव्हा त्यांना सोडू नका. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पोर्टलवर रिसीव्हड असं आलं आणि त्याच दिवशी बाईंनी मला एक कॉपी ईमेल केली. सगळ्यात खाली ओळ होती, फायनान्शियल लिटरसी, २.५, ए. कुणीतरी त्या ओळीवर हिरवा रंग लावून स्कॅन केलं होतं.

ज्यांची मुलं यंदा बारावीत जातायत त्यांनी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ऑफिस उघडलं की लगेच अपॉइंटमेंट घ्या, सकाळी आठची मिळते, त्यानंतर कामावर जाता येतं. ट्रान्स्क्रिप्टची प्रिंट सोबत न्या आणि दुसऱ्या राज्यातून आला असाल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा.