टीटी-०२ ला ॲल्युमिनियम स्टीअरिंग: घ्या, पण बेअरिंगनंतर

तामियाच्या टीटी-०२ या रिमोटवर चालणाऱ्या मॉडेल गाडीचं मूळ प्लॅस्टिक स्टीअरिंग खुळखुळतं, ड्रिफ्ट मारताना, म्हणजे वळणावर गाडी आडवी घसरवताना, ती रेषा धरत नाही. ॲल्युमिनियम संच बसवला की ही ढिलाई जाते, फरक पहिल्याच वळणावर कळतो. धातूत जाणाऱ्या स्क्रूला थ्रेडलॉकचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एकच थेंब लावा. प्लॅस्टिकला लागला तर ते तडकतं.

पैसे मोजकेच असतील तर आधी प्लॅस्टिक बुश (दांडा ज्यात फिरतो ती साधी कडी) काढून ५×११×४ मिमीची बेअरिंग घाला, तीही रबर सीलची. आपल्या काळ्या मातीची धूळ उघड्या बेअरिंगला लवकरच खाते. चाकं जास्त वळवली की साधा डॉगबोन, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, त्याच्या कपातून निसटतो, म्हणून पुढच्या चाकांना सांध्याचे युनिव्हर्सल शाफ्टच हवेत. कडक ड्रिफ्ट टायर जिनिंगच्या सिमेंट पटांगणावर सुरेख घसरतात; मुरमावर गाडी उतरवूच नका.