कुरुपाची तेवीस मुळं

मी शिंपी. कात्री चालवून चालवून उजव्या अंगठ्यावर घट्टा पडलाय, त्याला तीस वर्षं झाली. तो उपटून काढावा असं कधी मनातही आलं नाही. आणि पायाच्या कुरुपासाठी मात्र म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ३,४५० रुपये देऊन आलो, वर पाय पिकवून घेतला.

करंगळीच्या बाजूला कुरूप होतं. बूट घातला की खडा टोचल्यासारखं व्हायचं. चवड्याखाली जाड कातडी होती, पण ती दुखत नव्हती. त्या दिवशी मडक्यांच्या ओळीपाशी एक जण जवळ आला. "पांय दुखता मरे काका? म्हज्या आवयक अश्शेंच आशिल्लें." आवय बरी झाली म्हणे, समोरच्याच माणसाकडे. आपल्या भाषेत कुणी आईचं नाव घेतलं की आपण सैल पडतो.

समोरचा माणूस हिंदी बोलणारा. पितळेची नळी, कापूस, एक बाटली. "एक जड़ का डेढ़ सौ, जितना निकलेगा उतना ही देना." मला वाटलं, कुरूप एक, तर मूळ एक. बाटलीतलं पाणी चोळून त्याने कातडी मऊ केली, पात्याने टोचलं, नळी लावून तोंडाने ओढलं आणि कापसावर पांढरट दोऱ्यासारखं काहीतरी थुंकला. एक. मग दुसरं. "पूरे पंजे में फैला है." चवड्यालाही टोचलं. मोजणी तो पहिला, आवयवाला, मोठ्याने करत होता. तेविसाव्याला मी पाय ओढून घेतला. भोवती माणसं जमलेली, हुज्जत घालायची लाज वाटली. खिशातले अठराशे दिले, उरलेले मोबाइलवरून.

मला मधुमेह आहे. हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी करंगळी सुजली, पू झाला. दुखत असं फार नव्हतंच, आणि भीती त्याचीच असते, हे नंतर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात कळलं. साखरेने पायाची जाणीव बोथट होते, जखम चिघळेपर्यंत पत्ता लागत नाही.

डॉक्टरीणबाईंनी आधी जखम साफ केली, गोळ्या दिल्या. महिन्याभराने जाड कातडी तासताना मी मुळांचं विचारलं. त्या हसल्या. कुरुपाला मूळ नसतंच. एकाच जागी दाब आणि घर्षण पडत राहिलं की कातडी स्वतःला वाचवायला थरावर थर चढवते. पसरट झाली तर घट्टा, मधे टणक कणी धरून आत रुतली तर कुरूप. मसुराच्या डाळीएवढी कणी दाखवलीही. मग नळीतून काय निघालं? तोंडात किंवा नळीत आधीच ठेवलेलं काहीतरी, दुसरं काय!

पायाला कुठेही गाठ आली की आपण कुरूप म्हणतो, पण ती चामखीळही असू शकते. ती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली तर जास्त दुखते, आत काळे ठिपके दिसतात आणि ती विषाणूमुळे होते. कुरूप वरून सरळ दाबलं की कळ येते. साखर नसलेल्यांनी कोमट पाण्यात पाय बुडवून वज्रीने हलकं घासावं, वर मलम लावावं. औषधाच्या दुकानात कुरुपावर लावायची पट्टी मिळते, कॉर्न कॅप, तिच्यात सॅलिसिलिक आम्ल असतं, ते शेजारची चांगली कातडीही खातं. मधुमेह्यांनी त्या पट्टीला हात लावू नये, पातं तर नाहीच नाही.

माझं खरं कारण होतं दसऱ्याला घेतलेले निमुळते बूट. गिऱ्हाइकाला काखेत सदरा घट्ट झाला तर मी शिवण उसवून देतो, आणि स्वतःच्या पायाचं माप मात्र कळलं नाही. आता पुढून रुंद सँडल घालतो. कुरूप परत आलेलं नाही.

परवाच्या शुक्रवारी तो आवयवाला पुन्हा दिसला, मडक्यांच्या त्याच ओळीपाशी. नजर लोकांच्या तोंडाकडे नव्हतीच, पायांकडे होती. माझ्या सँडलवरून ती सरळ पुढे गेली. मी आता लंगडत नव्हतो ना.