रिओहा क्रिआन्सा : आठ महिने, बारा बाटल्या आणि दोन कुबट बुचं

काल रात्री रिओहा क्रिआन्साची, म्हणजे स्पेनच्या रिओहा भागातल्या लाल वाइनची, नववी बाटली उघडली आणि पुन्हा तोच वास. पावसाळ्यात माळ्यावर भिजून तसाच वाळलेला पुठ्ठा असतो ना, अगदी तो. नाहीतर बारा संपल्यावरच लिहिणार होतो.

फेब्रुवारीत माद्रिदमध्ये घराजवळच्या दुकानात ऑफर होती : बारा घ्या, दहाचे पैसे द्या. क्रिआन्सा म्हणजे किमान दोन वर्षं मुरवलेली आणि त्यातलं एक वर्ष ओकच्या पिंपात, हे तुम्हाला माहीत असेलच. रेझेर्वा ही त्याच्या वरची पायरी, तिला आणखी एक वर्ष लागतं, त्या वर्षाचे पैसे मी भरत नाही. द्राक्ष मुख्यतः तेम्प्रानिल्यो. चव पूर्ण ड्राय, म्हणजे गोडवा नाही, पण अमेरिकन ओकच्या पिंपामुळे वासात व्हॅनिला आणि सुकं खोबरं. बायकोने पहिला घोट घेऊन विचारलं, "ह्यात खोबरं कोणी किसलंय?"

आता बूच. तिसरी बाटली एप्रिलमध्ये उघडली. बूच दिसायला स्वच्छ, कुठे तुटलेलं नाही, पण ग्लासात फळाचा मागमूस नाही, नुसता कुबटपणा. बुचातल्या बुरशीमुळे ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल नावाचं रसायन तयार होतं, त्याचा हा प्रताप. पोटाला अपाय नाही, पण वाइन मेलेली. दुकानात नेली तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "थोडी हवा लागू द्या." अर्धा तास हवा लागून, जिना उतरून, रस्ता ओलांडून आलेली बाटली! वर पावती मागितली. ती कधीच कचऱ्यात गेली होती. सात युरो ओतून द्यायला जीव होईना, म्हणून उरलेली मटणात घातली. उकळून वास जाईल असं वाटलं होतं. गेला नाही, आणि मटणही गेलं.

त्यानंतर महिनाभर मी सगळ्यांना सांगत होतो, पेचाची झाकणं लावा आणि मोकळे व्हा. पण स्पेनला ते पटणं कठीण. बुचं ज्यांच्या सालीची बनतात ती ओकची झाडं त्यांच्याच एस्त्रेमादुरा आणि आंदालुसियात आहेत, साल काढली की पुढची साल तयार व्हायला नऊ-दहा वर्षं लागतात. तेवढी वाट बघणारी माणसं एखाद्या कुबट बाटलीने थोडीच बधणार!

जेवणाचं सांगतो. मार्चमध्ये मी मित्रांच्या ग्रुपवर छातीठोकपणे लिहिलं होतं, की ही तांबड्या रश्श्याबरोबर मस्त जाते. शब्द मागे. तेव्हा पाहुण्यांसाठी रस्सा मिळमिळीत केला होता. खरा कोल्हापुरी केला तेव्हा मिरची आणि साडेतेरा टक्के अल्कोहोल दोघांनी मिळून जीभ भाजली, वाइन कडवट लागली. बांगड्याबरोबर तर तोंडात लोखंड चघळल्यासारखं.

जमतं ते कोकराच्या चॉप्सबरोबर, आणि काय जमतं! रिओहात ते द्राक्षवेलीच्या वाळक्या काटक्यांवर भाजतात. मी गॅसवर, बिडाच्या तव्यात, जाड मिठाशिवाय काही न लावता. कडेची चरबी करपायला आली की काढायचे, एक चावा आणि एक घोट : वाइनचा तुरटपणा चरबी कापतो, चरबी तुरटपणा मऊ करते. दुसरा नंबर पातातास आ ला रिओहानाचा, म्हणजे चोरिसो (स्पॅनिश सॉसेज) घातलेला बटाट्याचा रस्सा. लाल दिसतो पण तिखट नाही, रंग पिमेंतोनचा, म्हणजे स्पॅनिश पॅप्रिकाचा. बटाटा अर्ध्यापर्यंतच कापून मग मोडायचा, रस्सा आपोआप दाटतो. मुरलेलं मांचेगो चीज आहेच. आणि अनपेक्षित म्हणजे वांग्याचं भरीत, हिरवी मिरची न घालता. भाजल्याचा धुरकट वास पिंपाच्या वासाला बरोबर भेटतो.

जुलैत स्वयंपाकघरात ३१ अंश होते आणि बाटलीतून नुसता स्पिरिटचा वास येत होता. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून काढली की ठीक.

आज सकाळी नववी बाटली घेऊन, भांडायच्या तयारीने, त्याच दुकानात गेलो. पोरगा नव्हता. साठीच्या बाई होत्या. त्यांनी बाटली नाकाशी नेली, नाक मुरडलं, काही न बोलता मागच्या फळीवरून नवी काढून दिली. पावतीचं नावही नाही. मी घरून पाठ करून आणलेली स्पॅनिश वाक्यं तशीच परत आणली.

येताना आणखी सहा घेतल्या. पावतीचा फोटो काढून ठेवलाय.