‘सगळ्यांना लेव्हल थ्रीच लागतं’ असं सांगून आमच्या मराठी शाळेला कसं फसवलं

पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्या शहरातल्या मराठी शाळेच्या एका ताईंचा फोन आला. “तुमच्या सगळ्या शिक्षकांनी सेफगार्डिंगचं लेव्हल थ्री केलंय ना? आम्हाला एका कंपनीचा फोन आला होता. कायद्यानं लागतं म्हणाले, आणि उद्यापर्यंत भरलं तर सवलत आहे.” सेफगार्डिंग म्हणजे मुलांना छळ, अत्याचार, हेळसांड यांपासून जपणं; लेव्हल थ्री हे त्याच्या प्रशिक्षणाच्या एका पातळीचं नाव. दीड वर्षापूर्वी मला जे ऐकवलं गेलं, ते शब्दन् शब्द हेच होतं. मी पैसे भरून बसले होते. त्या ताईंना फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे. इंग्लंडमध्ये शनिवार-रविवारी मराठीचे, नाचाचे, तबल्याचे वर्ग चालवणारे आपण बहुतेक सगळे नोकरी सांभाळून हे करतो, आणि हे फोन नेमके आपल्यालाच येतात.

आमची शाळा रविवारी सकाळी भरते, इथल्या एका प्राथमिक शाळेचे वर्ग भाड्याने घेऊन. साठ-पासष्ट मुलं आणि आम्ही बावीस स्वयंसेवक. भाड्याचा करार नव्याने करायची वेळ आली तेव्हा त्या शाळेने आमचं सेफगार्डिंगचं धोरण आणि प्रशिक्षणाचा पुरावा मागितला. त्यांचं काही चुकलं नव्हतं. ‘कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन’ हे शाळांसाठीचं सरकारी मार्गदर्शन त्यांना सांगतंच, की जागा बाहेरच्या संस्थेला दिली तर तिथे मुलांच्या सुरक्षेची नीट व्यवस्था आहे ना, हे बघा. आमच्याकडे सगळ्यांच्या डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींच्या, तपासण्या झालेल्या होत्या, पण प्रशिक्षण असं काही नव्हतं. मी घाबरले. त्याच रात्री इंटरनेटवर शोधलं, एका ठिकाणी नाव आणि फोन नंबर भरला. दुसऱ्या दिवशी डबा उघडत होते तेवढ्यात फोन वाजला.

बोलणारा माणूस अतिशय नम्र होता. तो म्हणाला, मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येकाला लेव्हल थ्री कायद्यानेच बंधनकारक आहे. लेव्हल वन आणि टू फक्त साफसफाई करणाऱ्यांसाठी आणि ऑफिसातल्या लोकांसाठी. आमचा कोर्स ऑफस्टेडमान्य आहे (ऑफस्टेड म्हणजे शाळांची तपासणी करणारी सरकारी संस्था). हे नसेल आणि काही घडलं, तर तुमचा विमा लागू होणार नाही. “आणि तुमच्या डीएसएलना वेगळं काही करायला नको, थ्रीमध्ये सगळं येतं,” हेही त्यानेच सांगितलं. डीएसएल म्हणजे डेझिग्नेटेड सेफगार्डिंग लीड, मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी जिच्यावर असते ती व्यक्ती. आमच्याकडे ती मीच. माणशी ४५ पौंड, बावीस जणांचे ९९० पौंड.

आमच्या खजिनदार काकांनी त्या संध्याकाळी एकच प्रश्न विचारला होता: “लेव्हल थ्री म्हणजे कोणाची लेव्हल? ठरवली कोणी?” मी म्हटलं, काका, मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, यात घासाघीस नको. ते गप्प बसले. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी शोधलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. हे लोक आपल्या हलगर्जीपणावर पोट भरत नाहीत. मुलांची काळजी असते म्हणूनच आपण त्यांच्या हाती लागतो.

कोर्स दीड तासाचा होता. पडद्यावर मजकूर, खाली ‘पुढे’ हे बटण, शेवटी वीस प्रश्न. उत्तर चुकलं तर पुन्हा, हवं तितक्या वेळा. अधूनमधून ‘तुमच्या नेम्ड नर्सशी बोला’ अशा सूचना येत. नेम्ड नर्स म्हणजे आरोग्यसेवेत मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी असलेली नर्स. हे आमच्यासाठी लिहिलेलंच नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण सोळा जणांची सोनेरी किनारीची सर्टिफिकेटं आली, मी ती त्या शाळेला पाठवली, करार झाला आणि विषय डोक्यातून गेला.

मग नोव्हेंबरमधल्या एका रविवारी, मधल्या सुट्टीत, आठ वर्षांच्या एका मुलाने आमच्या एका ताईंना काहीतरी सांगितलं. अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. आणि शेवटी म्हणाला, “ताई, कोणाला सांगू नकोस हं.” ताईंनी त्याला जवळ घेतलं आणि वचन दिलं. मग घाबरून त्याला विचारलं, “बाबांनी मारलं का?” तो फक्त मान हलवून खेळायला पळाला. ताई नऊ दिवस एकट्या ते मनात घेऊन फिरल्या. शेवटी माझ्याकडे आल्या तेव्हा रडत होत्या. त्यांच्याकडे लेव्हल थ्रीचं सर्टिफिकेट होतं.

मुलाला गुप्ततेचं वचन द्यायचं नसतं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. उत्तर प्रश्नातच दडलेलं असेल असे प्रश्न विचारायचे नसतात, हेही नाही. “सांग ना मला”, “नीट समजावून सांगशील?”, “कसं झालं ते सांग” एवढंच विचारायचं, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायचे आणि त्याच दिवशी डीएसएलला सांगायचं. दीड तासात हे आलंच नाही. आणि मी, डीएसएल, मलाही कोणाला फोन करायचा ते ठाऊक नव्हतं. काउन्सिलच्या संकेतस्थळावर शोधत बसले, तेव्हा बालसेवा विभागाचा नंबर मिळाला. तिथल्या बाईंनी शांतपणे विचारलं: मुलाचे नेमके शब्द काय होते? कोणत्या भाषेत? कधी? आणखी कोणाला सांगितलंय? पालकांशी कोणी बोललंय का? मला एकाही प्रश्नाचं धड उत्तर देता आलं नाही. त्या मुलाचं पुढे काय झालं हे लिहिण्याचा हक्क मला नाही. त्या घराला मदत मिळाली, एवढंच सांगते. ९९० पौंडांचं दुःख मला आहेच, पण ते नऊ दिवस आठवले की आजही झोप येत नाही.

त्याच बाईंनी विचारलं, “तुमचं डीएसएलचं प्रशिक्षण झालंय का?” मी लेव्हल थ्री म्हणाले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, आमच्या स्थानिक सेफगार्डिंग चिल्ड्रन पार्टनरशिपचे (काउन्सिल, पोलीस आणि आरोग्यसेवा यांच्या एकत्र व्यवस्थेचे) वर्ग आहेत, तुमच्यासारख्या स्वयंसेवी संस्थांना फुकट, या. तिथे जाऊन काकांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

‘लेव्हल’ या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. एक आहे आरोग्यसेवेतली. डॉक्टर, नर्स, दवाखान्यातले कर्मचारी यांच्यासाठी त्यांच्या व्यावसायिक संस्थांनी मिळून केलेला दस्तऐवज आहे. त्याच्या २०१९ च्या आवृत्तीत एक ते पाच पातळ्या आहेत आणि तासही ठरलेले आहेत: पहिलीला तीन वर्षांत किमान दोन तास, दुसरीला चार, तिसरीला किमान आठ आणि काही कामांसाठी बारा ते सोळा. नेम्ड नर्स आली ती इथून. दुसरी शिडी ऑफक्वालच्या, म्हणजे परीक्षा आणि पात्रतांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, मान्यतेच्या पात्रतांची. तिथे लेव्हल थ्री म्हणजे ए-लेव्हलच्या तोडीचं शिक्षण. ते दीड तासात कोणाचंच होत नाही, आणि अशी पात्रता खरी असेल तर तिचा क्रमांक ऑफक्वालच्या नोंदवहीत कोणालाही फुकट शोधता येतो. आमच्या सर्टिफिकेटवर क्रमांकच नव्हता. तिसरी लेव्हल म्हणजे कोर्स विकणाऱ्याने स्वतःच्या मालाला दिलेलं नाव. आम्ही घेतली ती ही.

काही प्रामाणिक संस्थाही समजायला सोपं जावं म्हणून वन, टू, थ्री म्हणतात. त्यात गैर काही नाही. पण शाळांसाठीचं सरकारी मार्गदर्शन प्रशिक्षणाच्या अशा लेव्हल ठरवतच नाही. ते भूमिकेबद्दल बोलतं: प्रत्येक कर्मचाऱ्याला रुजू होताना प्रशिक्षण आणि वर्षातून किमान एकदा उजळणी; डीएसएल आणि उप-डीएसएल यांना दर दोन वर्षांनी त्यांच्या कामाचं वेगळं प्रशिक्षण. आपल्यासारख्या शाळाबाह्य वर्गांसाठीचं मार्गदर्शन वेगळं आहे आणि तेही सल्ल्याच्या स्वरूपातलं. म्हणजे ‘सगळ्यांना कायद्याने थ्री’ हे धादांत खोटं होतं. ऑफस्टेड कोणत्याही कोर्सला मान्यता देत नाही. सर्टिफिकेटवरच्या सीपीडीच्या (नोकरीतल्या पुढच्या प्रशिक्षणाच्या) शिक्क्याला मी सरकारी समजले होते. तो खाजगी संस्था कोर्सवाल्याकडून पैसे घेऊन देतात. तो असला म्हणून कोर्स वाईट ठरत नाही, पण मला वाटला तो अर्थ त्याला नाही.

आणि फसवणूक दोन्हीकडून झाली होती, हे फार उशिरा लक्षात आलं. वर्गात मदत करणाऱ्यांच्या गळ्यात नको तेवढं मोठं नाव घातलं, आणि जिला खरंच सखोल प्रशिक्षण हवं होतं, त्या मला काहीच मिळालं नाही. आता आम्ही माणूस काय काम करतो ते आधी लिहितो. मुलांसोबत असणाऱ्या प्रत्येकाला मारहाण, मानसिक छळ, लैंगिक अत्याचार आणि हेळसांड यांच्या खुणा ओळखता याव्यात, मुलाशी कसं बोलायचं आणि कोणाला सांगायचं हे पाठ असावं. त्यासाठी अर्धा दिवस, समोरासमोर, प्रश्न विचारता येतील असा वर्ग. मी आणि माझ्या जोडीला नेमलेली उप-डीएसएल, आम्ही पूर्ण दिवसाचं वेगळं केलं: काउन्सिलकडे कधी आणि कसं कळवायचं, कुठली माहिती कोणाला द्यायची, नोंदी कशा ठेवायच्या, आपल्याच स्वयंसेवकावर आरोप झाला तर एका कामकाजाच्या दिवसात काउन्सिलच्या लाडो (अशा आरोपांचं काम बघणाऱ्या) अधिकाऱ्याला कसं कळवायचं. विश्वस्तांना त्यांच्या जबाबदारीचा छोटा वर्ग. गणपतीच्या कार्यक्रमाला एक दिवस मदतीला येणाऱ्या पालकांना सर्टिफिकेट कशाला? त्यांना एक पान देतो, त्यावर आम्हा दोघींची नावं आणि फोन. एक गोष्ट आम्ही स्वतःच जोडली: मूल मराठीत बोललं तर मराठीतच लिहा, भाषांतर करू नका.

पैशांचं म्हणाल तर कोर्स न उघडलेल्या सहा जणांचे २७० पौंड पुष्कळ पत्रव्यवहारानंतर परत आले. बाकीचे नाहीत. ऑनलाइन खरेदी रद्द करायचे चौदा दिवस व्यक्तीला मिळतात, आम्ही संस्था म्हणून घेतलं होतं. बँकेकडे गेलो तर डेबिट कार्डाच्या तक्रारीची साधारण १२० दिवसांची मुदत उलटून गेलेली. शिवाय तो जे जे बोलला त्यातलं ‘ऑफस्टेडमान्य’ एवढंच ईमेलमध्ये होतं, बाकी सगळं तोंडी. सिटिझन्स ॲडव्हाइसच्या ग्राहक हेल्पलाइनला सगळं कळवलं; ते व्यापारातल्या फसवणुकीची चौकशी करणाऱ्या ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे पाठवतात.

म्हणून त्या ताईंना मी सांगितलं, फोनवर हो म्हणू नका. त्याला म्हणा, कायद्याचं कलम किंवा मार्गदर्शनातला परिच्छेद ईमेलवर पाठवा, मान्यता कोणाची ते लिहा, ऑफक्वालचा क्रमांक द्या, आणि कोर्समधला एक पूर्ण धडा आधी बघू द्या. विमा कंपनीला स्वतः विचारा, पॉलिसीत काय लिहिलंय ते. आणि त्याआधी तुमच्या काउन्सिलच्या नावापुढे ‘सेफगार्डिंग चिल्ड्रन पार्टनरशिप’ टाकून शोधा. वर्गांसाठी त्यांच्या संकेतस्थळावर खातं उघडायला बहुधा त्यांची मंजुरी लागते, तिला कधी कधी आठवडा जातो, आणि सप्टेंबरच्या जागा लवकर भरतात.